वीस दिवसांत हेवी लायसन्स देणाऱ्या ‘शासनमान्य’ शाळेत मुलाला घालावे का?

प्रश्न : आम्ही शिरपूर तालुक्यातील कापूस उत्पादक. धाकटा मुलगा बारावी झाला असून त्याचे वय १९ वर्षे ६ महिने आहे. मोटारीचे लायसन्स त्याने आठ महिन्यांपूर्वी काढले. त्याला ट्रकवर जायचे आहे. महामार्गाला लागून नुकतीच ट्रक शिकवणारी एक शाळा निघाली आहे. फलकावर ‘शासनमान्य’ आणि ‘आयएसओ’ असे लिहिलेले आहे. ४५ हजार रुपयांत २० दिवसांचे प्रशिक्षण, हातात हेवी लायसन्स आणि ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीची हमी, असे ते सांगतात. पंचवीस मुलांची तुकडी आहे, आवारात एक ट्रक उभा असतो. मुलाचे वय कमी आहे असे मी म्हणालो, तर ‘वयनं आम्ही देखी लेसूत (वयाचे आम्ही पाहून घेऊ), तुम्ही आधार कार्ड द्या’ असे उत्तर मिळाले. सोमवारपर्यंत १० हजार इसार भरला नाही तर फी वाढेल म्हणतात. माझ्या चुलत भावाने त्याच्या मुलासाठी इसार भरलाही आहे. मी भरावा का?
– एक शेतकरी, तालुका शिरपूर

उत्तर :

भाऊसाहेब,

सोमवार येऊ द्या आणि जाऊ द्या. इसार भरू नका. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आले आहे आणि ते त्या शाळेच्या माणसानेच दिले आहे. ‘वयनं आम्ही देखी लेसूत’ असे ज्या शाळेत बोलले जाते, तिची आणखी चौकशी केली नाही तरी चालेल. परंतु ही शाळा उठली की तिच्या जागी दुसरी येईल, आणि ट्रकवर जाण्याची मुलाची इच्छा मुळात गैर नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार परिवहन वाहन, म्हणजे मालवाहू किंवा भाड्याने माणसे वाहणारी गाडी, चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. कलम ७ ची अट याहून वेगळी आहे : हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झाल्याशिवाय परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्सदेखील मिळत नाही. तुमच्या मुलाला वयासाठी सहा महिने आणि लायसन्सासाठी चार महिने अजून कमी आहेत. मग शाळा नेमके ‘देखणार’ काय? मला दोनच वाटा दिसतात. एक तर आधारवरील जन्मतारीख मागे सरकवायची, जी मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्राशी आयुष्यभर जुळणार नाही आणि जी आधारमध्ये साधारणपणे एकदाच बदलता येते. नाहीतर सरकारी नोंदीत कुठेच नसलेले एक कार्ड छापून त्याच्या हातात द्यायचे. दोन्हींमध्ये बनावट कागदावर नाव तुमच्या मुलाचे असते, शाळेचे नसते.

आता २० दिवसांचे पाहा. शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणीच देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३१ प्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण ३० दिवसांपेक्षा कमी नसावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास असावेत. तेव्हा २० दिवसांत हेवी लायसन्स हातात देण्याची बोली ही वेगवान सेवेची जाहिरात नसून, आम्ही नियम पाळत नाही अशी उघड कबुली आहे. तसे छापील पत्रक मिळाले तर जपून ठेवा.

तासांचा हिशेब तुम्ही घरी बसून करू शकता. पंचवीस मुले, प्रत्येकी १५ तास, म्हणजे ३७५ तास. एक ट्रक रोज आठ तास न थांबता फिरला तरी त्याला ४७ दिवस लागतील. २० दिवसांत त्याची चाके १६० तास फिरतील आणि एका मुलाच्या वाट्याला साडेसहा तासही येणार नाहीत. तेसुद्धा डिझेल भरायला, पंक्चर काढायला आणि मास्तरांच्या चहाला एक मिनिट लागले नाही असे धरून. म्हणून कोणत्याही शाळेत पहिला प्रश्न फीचा विचारू नये. तुकडीत मुले किती आणि ट्रक किती, हे आधी विचारावे.

‘शासनमान्य’ या शब्दाने फसू नका. ड्रायव्हिंग स्कूलला मान्यता एकाच प्रकारे मिळते : कायद्याच्या कलम १२ खाली आरटीओने दिलेला परवाना, जो नमुना ११ मध्ये असतो, पाच वर्षांसाठी असतो आणि ज्यावर शाळेचा पत्ता असतो. नियमाप्रमाणे हा परवाना मूळ प्रतीत शाळेत दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे. भिंतीवर चौकटीत लावलेले बाकीचे कागद नीट वाचा. ‘उद्यम’ नोंदणी कोणत्याही लहान व्यवसायाला घरबसल्या, स्वतःच्याच घोषणेवर मिळते. दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद चहाच्या हॉटेललाही मिळतो. आयएसओ प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात आणि त्याचा ड्रायव्हिंग शिकवण्याच्या परवान्याशी संबंध नाही. यांपैकी कोणताही कागद खोटा असेलच असे नाही. परंतु ज्या कामासाठी तुम्ही पैसे देणार आहात, त्या कामाबद्दल त्यातला एकही कागद काही सांगत नाही. अशा शाळांमध्ये भिंत जितकी भरलेली, तितका नमुना ११ सापडायला उशीर, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

हा परवाना इतका महत्त्वाचा का, तेही सांगतो. कलम ९ प्रमाणे परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी कलम १२ खालील शाळेचे प्रशिक्षण प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ५, जोडावेच लागते. मोटारसायकल किंवा घरची मोटार माणूस मामाच्या शेतात शिकून थेट चाचणीला उभा राहू शकतो. ट्रकच्या बाबतीत तसे नाही. याच सक्तीमुळे या कागदाला बाजारभाव आला आहे. ज्या शाळेला परवाना नाही, तिचा नमुना ५ रद्दीच्या किमतीचा असतो. मग ती शाळा काय करते, तर दुसऱ्या एखाद्या परवानाधारक शाळेकडून शिक्का विकत घेते. मुलगा शिकतो एकीकडे, म्हणजे बहुधा शिकतच नाही, आणि प्रमाणपत्र येते दुसरीकडून.

इथे आणखी एक बारकावा आहे, जो फार लोकांच्या लक्षात येत नाही. शाळेचा परवाना खरा असला तरी तो कोणत्या वर्गाच्या वाहनांसाठी आहे हे पाहावे लागते. नियम २४ प्रमाणे ज्या प्रकारचे वाहन शिकवायचे, त्या प्रकारचे किमान एक वाहन शाळेच्या स्वतःच्या मालकीचे असले पाहिजे, ते केवळ शिकवण्यासाठी ठेवलेले असले पाहिजे आणि त्याला डबल कंट्रोल, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक, असला पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ शाळा दोन छोट्या मोटारींवर चालतात आणि हेवीचे प्रवेशही घेतात. तुमच्या शाळेच्या आवारातील ट्रकबद्दल मला हेच विचारायचे आहे. दरवाजा उघडून क्लीनरच्या बाजूला खाली वाकून पाहा, दुसरे पॅडल आहेत का? गाडीवर शाळेचे नाव आणि पत्ता ठळक लिहिलेला आहे का? गाडीचे आरसी बुक कोणाच्या नावावर आहे? टायर गवतात रुतलेले असतील, तर तो ट्रक शिकवण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी आहे.

धुळ्याच्या न्यायालयात मोटार अपघातांचे दावे चालवताना अशा कागदांशी माझी गाठ पडली आहे. एका जीवघेण्या अपघाताच्या दाव्यात ड्रायव्हर पोराच्या प्रशिक्षणाची नोंद, म्हणजे रोजचे तास लिहायचा नमुना १५, माझ्यासमोर आली. तीस ओळी, तीस सह्या, सगळ्या एकाच शाईच्या आणि एकाच बैठकीतल्या. शेवटी शेवटी हात थकल्याने सही आखूड होत गेलेली. पोळ्याच्या दिवशीसुद्धा या पोराने दोन तास ट्रक मागे घेण्याचा सराव केल्याची नोंद होती. खान्देशातील शेतकऱ्याचा मुलगा पोळ्याला बैलांपाशी नसून ट्रकवर होता, हे मला काही पटले नाही. पुढे लायसन्सची पडताळणी झाली, तेव्हा तो क्रमांक परराज्यातील एका कार्यालयात भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. विमा कंपनीने लायसन्स बनावट असल्याचा मुद्दा उचलला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून अशा प्रकरणांत रूढ झालेल्या रीतीप्रमाणे, मृताच्या कुटुंबाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि लायसन्स न तपासता ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकाकडून ते वसूल करावेत, असा आदेश झाला. मालकाकडे तेवढी एकच गाडी होती. ती गेली, आणि बांधालगतचे दोन एकरही गेले. पोरावर निष्काळजीपणाचा गुन्हा होताच, त्यात बनावट दस्तऐवजाचा वाढला. ज्या शाळेने हे सगळे करून दिले, तिच्या जागी त्या वेळेपर्यंत मोबाइलचे दुकान झाले होते.

म्हणून चांगला ट्रान्सपोर्टवाला आज लायसन्सचा क्रमांक सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर टाकून पाहिल्याशिवाय चावी देत नाही. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या शाळेला एवढेच विचारा, की ती कंपनी कोणती आणि तिच्या मालकाशी फोनवर बोलता येईल का. खरा मालक आधी लायसन्स मागतो आणि पहिले काही महिने अनुभवी ड्रायव्हरच्या जोडीला बसवतो. वीस दिवसांच्या पोराच्या हाती पंचवीस टनांची भरलेली गाडी देण्याची हमी कोणीही शहाणा माणूस देणार नाही.

कागदांबद्दल इतके लिहिले, पण माझी खरी काळजी कागदांची नाही. तुमचे गाव आग्रा रोडवर आहे. ४ जुलै २०२३ रोजी तुमच्याच तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला मालट्रक महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किती घरे उघडी पडली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. बिजासनचा घाट उतरून येणाऱ्या भरलेल्या गाडीला नुसत्या पायाच्या ब्रेकवर धरत राहिले, तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि वारंवार पाय दाबल्याने ब्रेकच्या टाकीतली हवाही उतरत जाते. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून गाडी इंजिनवर धरायची आणि ब्रेक अधूनमधून, गरजेपुरता वापरायचा, हे शिकवावे लागते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, हे तर पुन्हा पुन्हा शिकवावे लागते, कारण जुने काही ड्रायव्हर नेमके उलटे शिकवतात. हवेचा काटा खाली येत असेल तर गाडी हलवायचीच नाही. लांब गाडी वळवताना मागची चाके आतून येतात, तेव्हा डाव्या आरशात मोटारसायकलवाला शोधायचा. भरलेली आणि रिकामी गाडी थांबायला सारखे अंतर घेत नाही. रिकाम्या मैदानात ‘आठ’चा आकडा काढून यांतले काही येत नाही. शाळा मुलांना भरलेल्या गाडीचा अंदाज देते का, लळिंगच्या घाटात नेते का, रात्री बसवते का, हे तिथे शिकून गेलेल्या दोन मुलांना विचारा. त्या मुलांचे नंबर शाळेने दिलेले नकोत. ढाब्यावर, ट्रान्सपोर्ट नगरात स्वतः शोधलेले हवेत.

‘आमच्याकडून शिकले की आरटीओची टेस्टच द्यावी लागत नाही,’ असेही तुम्हाला कोणी सांगेल. ही गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच जास्त फसवी आहे. १ जुलै २०२१ पासून अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम लागू झाले आहेत. अशा केंद्रात सिम्युलेटर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणारे यंत्र, आणि चाचणीचा मार्ग असावा लागतो, जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतील वाहन चाचणीतून सूट मिळते. परंतु ही सूट केवळ अशा केंद्रालाच आहे. साध्या परवान्याच्या शाळेतून शिकलेल्याला चाचणी द्यावीच लागते आणि विनापरवाना शाळेचा तर प्रश्नच नाही. सहा आठवडे काढण्याची आणि राहण्याचा खर्च करण्याची तयारी असेल, तर पुण्याच्या भोसरीतील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या प्रशिक्षण केंद्राची चौकशी अवश्य करा. जवळच राहायचे असेल, तर साध्या पण खऱ्या परवान्याची, स्वतःचा डबल कंट्रोल ट्रक असलेली शाळाही पुरेशी आहे. शिकवणारा माणूस चांगला असला म्हणजे झाले. नियमाप्रमाणे तो किमान दहावी उत्तीर्ण, पाच वर्षांचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र घेतलेला हवा. त्याच्याशी दहा मिनिटे बोला. तो मुलाला आधी बॉनेट उघडायला लावणार असेल, तर माझे मत त्याच्या बाजूने जाईल.

शाळेचा परवाना खरा आहे का, हे विचारायला धुळ्याच्या आरटीओ कार्यालयात एकदा जाऊन या. परवाना क्रमांक, मुदत, पत्ता आणि ‘हेवी’ हा वर्ग त्यात आहे का, एवढे चार मुद्दे कागदावर लिहून न्या. गेटबाहेर छत्री लावून बसलेल्याला विचारू नका. तो आपली शाळा सांगेल. तोंडी उत्तर टाळले गेले, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. आणखी एक गोष्ट : परिवहन लायसन्ससाठी आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये काढली गेली आहे. तुमचा मुलगा बारावी आहे म्हणून त्याचा प्रश्न नाही, पण गावातील कमी शिकलेल्या मुलांकडून आठवीच्या दाखल्यासाठी अजूनही कोणी पैसे मागत असेल, तर ती शुद्ध लूट आहे.

फी भरायची वेळ येईल तेव्हा ती टप्प्याटप्प्याने, खात्यात आणि पक्क्या पावतीवर भरा. मुलाची मूळ गुणपत्रिका किंवा मूळ लायसन्स शाळेत ‘जमा’ ठेवू नका. शाळेला प्रती पुरतात, मूळ कागद अडकवला की माणूस अडकतो. चाचणीचे सरकारी शुल्क वाहनाच्या एका वर्गासाठी ३०० रुपये आहे. शिकाऊ लायसन्स, नवीन वर्गाची नोंद वगैरे धरूनही सरकारात भरायची रक्कम ४५ हजारांत मिठाएवढी असते. उरलेले पैसे शिकवण्याचे आहेत, म्हणून शिकवण्याचाच हिशेब मागावा.

या सहा महिन्यांचे काय करायचे, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. मुलाला ओळखीच्या, व्यसन नसलेल्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून चार खेपा करू द्या, मात्र स्टिअरिंगला हात न लावण्याच्या बोलीवर. टायरची हवा, ताडपत्री, रस्सा, मालासोबतचे ई-वे बिल आणि रात्रीची झोप, हे सगळे पाहून त्याची इच्छा टिकली, तर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. पुष्कळ मुलांची ती दुसऱ्याच खेपेला संपते, आणि तेव्हा तुमचे ४५ हजार वाचलेले असतात. २० वर्षे पूर्ण झाल्यावर त्याला लगेच ट्रकच हवा असेही नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले आहे, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. वर्षभर कापसाच्या आणि भाजीच्या पिकअपवर हात बसला, की मग हेवीच्या शाळेत जावे. ट्रक चालवणाऱ्या अनेकांची हीच वाट होती आणि मला ती आजही योग्य वाटते.

राहिला तुमच्या चुलत भावाचा इसार. त्यांनी शाळेला एक साधे पत्र लिहावे, की तुमच्या परवान्याची प्रत आणि ट्रकच्या आरसी बुकाची प्रत आठ दिवसांत द्या, नाहीतर १० हजार रुपये परत करा, आणि ते पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. उत्तर आले नाही, तर प्रत जोडून आरटीओकडे लेखी तक्रार करावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानेही भागले नाही, तर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पावती वहीच्या फाटक्या पानावर असली तरी चालेल, आणि पावतीच नसेल तर फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद, ‘सोमवारपर्यंत भरा’ हा संदेश आणि फलकाचा एक फोटो पुरेल. तो फोटो मात्र आजच काढायला सांगा, पत्र पोहोचल्यावर फलक तिथे असेलच असे नाही.